हलगीतली खरखर

रत्नाकरदादा इंगवले रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या हातात काय आहे ते मला नंतर दिसलं. आधी दिसली ती गुळगुळीत दाढी. दादा दाढी करायचे ती काहीतरी मिळणार असेल तेव्हाच. सत्कार असला की करायचे, कॅसेट कंपनीचा माणूस येणार असला की करायचे. एरवी मिरजेच्या रस्त्यांवर पांढऱ्या खुंटांचा हा माणूस पाहून कोणाला खरं वाटलं नसतं की एके काळी चाळीस वादक याच्या बोटाकडे बघत श्वास घ्यायचे. तेव्हा आज काय मिळायचं आहे, याचा अंदाज बांधत मी काउंटरवरचा पसारा बाजूला सारला.

त्यांनी बेडशीटमध्ये गुंडाळलेलं धूड काउंटरवर ठेवलं. आत सॅम्पलर होता. जपानी, १९९० सालचा, सिंगापूरहून आणलेला. खरा आवाज दोन-चार सेकंद पोटात घ्यायचा आणि पट्टी दाबली की तोच आवाज हवा तितक्यांदा परत द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण त्या एवढ्याशा कामाने किती वादक घरी बसले ते विचारू नका. दादांची सगळी गाजलेली गाणी त्याच्यावर झाली. त्यातल्या हलगीच्या एका ठोक्यावर तर ते पंधरा वर्षं जगले.

दुसऱ्या चहाला सगळं बाहेर आलं. मुंबईची एक कंपनी आपल्याकडच्या तालवाद्यांचे आवाज कॉम्प्युटरवाल्यांसाठी विकायला काढणार होती आणि त्यात हलगी दादांची असणार होती. खोक्यावर फोटो. फोटोखाली ‘रत्नाकर इंगवले यांची हलगी’. मुंबईत प्रकाशन, मंचावर खुर्ची. आणि ज्यांनी चार-पाच वर्षांत दादांना एकदाही बोलावलं नव्हतं ते सगळे म्युझिक अरेंजर खाली श्रोत्यांत बसलेले. हे शेवटचं दादा बोलले नाहीत, पण दाढी त्यासाठीच होती हे मी ओळखलं.

“अडलंय कुठे?” मी विचारलं.

“फ्लॉपी पाठवल्या होत्या. नॉईज आहे म्हणून परत केल्या. शनिवारपर्यंत साफ करून दे.”

“कसला नॉईज?”

“ते मी सांगू? तू मेकॅनिक ना?” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “त्यांच्या स्टुडिओत जुन्या मशीन सांभाळायला माणूस हवाय, इलियास. माझा शब्द चालतो तिथे. चिठ्ठी देईन.”

म्हणजे माझ्याही वाट्याला काहीतरी होतं. दादा माणसाची किंमत बरोबर करायचे. मी एकतीस वर्षांचा होतो आणि सतारमेकर गल्लीत मिक्सरची भांडी आणि लग्नाच्या मंडपातले भोंगे दुरुस्त करत होतो. मुंबईचा स्टुडिओ म्हटल्यावर मी दुसरा प्रश्न विचारला नाही.

आमच्या घराच्या पुढच्या अर्ध्यात माझं दुकान, मागच्या अर्ध्यात अब्बांचा सतारीचा कारखाना, मध्ये प्लायवूडची भिंत. सतारीची जवारी काढण्यात अब्बांचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. जवारी म्हणजे तार जिच्यावरून जाते ती घोडी कानसेने केसाकेसाने घासून तारेला झणझण आणणं. थोडं कमी घासलं तर तार मुकी, थोडं जास्त घासलं तर भांडं वाजल्यासारखी. कान थकले होते, म्हणून शेवटचा हात फिरवण्याआधी अब्बा मला हाक मारायचे. मी आत जायचो, डोळे मिटून ऐकायचो आणि ‘अजून’ किंवा ‘बास’ एवढंच म्हणायचो. मी मुलगा म्हणून त्यांच्या उपयोगाचा होतो तो एवढाच.

मशीन उघडलं. सोमवारी पहिला दिवस गुरगुर शोधण्यात गेला. पॉवर सप्लायमधले कंडेन्सर पावसात भिजलेल्या शेंगदाण्यासारखे फुगले होते. ते बदलले, अर्थिंग नीट केलं, गुरगुर गेली. मंगळवारी शिट्टी. ती पडद्यामागच्या दिव्याची होती. दिवा मेला होता पण त्याला वीज पुरवणारा तुकडा रडत होता. तो बदलला, शिट्टी गेली आणि जाता जाता पडद्यावरची अक्षरंही दिसायला लागली. दादांना ती चार वर्षं दिसत नव्हती. दिसत होती तेव्हाही त्यांनी कधी वाचली नव्हती. मशीन चालवणारा त्यांचा माणूस वेगळा होता. तो वारल्यापासून दादांना फक्त पट्ट्या दाबता यायच्या.

मग राहिली खरखर. हलगीची पट्टी दाबली की ठोक्याच्या मागे बारीक चरचर यायची, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. मी सोल्डरचे सुटलेले सांधे शोधले, सॉकेट पुसले, आउटपुटचा अर्धा बोर्ड बदलला. खरखर जागची हलेना. बुधवारी दुपारी मी चिडून तीच पट्टी पन्नास वेळा दाबली असेल.

प्लायवूडपलीकडून कानस थांबली. अब्बा म्हणाले, “बिघाड नाही तो.”

“मग काय आहे?”

“बिघाड दर वेळी वेगळा बोलतो. हा प्रत्येक खेपेला तेच बोलतोय. तीन बारीक, एक मोठा, मग दोन बारीक. मोज.”

मी मोजलं. तीन बारीक, एक मोठा, दोन बारीक. खालची पट्टी दाबली तर ठोका जाड झाला आणि खरखरही त्याच्याबरोबर जाड आणि सावकाश झाली. मशीन खरखरत असतं तर त्याला कोणती पट्टी दाबली याच्याशी काय देणंघेणं? खरखर मशीनमध्ये नव्हती. ती ज्या दिवशी हलगी पोटात घेतली त्या दिवसापासून हलगीतच होती. सकाळपासून मी एका निरोगी माणसाच्या पोटावर शस्त्रक्रिया करत होतो.

पडदा आता दिसत होता, म्हणून मी आतल्या पानांवर गेलो. तिथे कळलं की मशीन चालवणाऱ्याने आळस केला होता. ठोक्याच्या आधीचा भाग कापून टाकायच्या ऐवजी त्याने फक्त सुरुवातीची खूण पुढे सरकवली होती. आधीचं सगळं आत तसंच होतं. मी खूण मागे नेली आणि पट्टी दाबली.

आधी नुसतीच चरचर आली. मग लांबून एकाने, रेडिओवाले विचारतात तसं, विचारलं, “नाव? गाव?” आणि एक जाड, अवघडलेला, घाबरून मोठ्याने बोलणारा आवाज म्हणाला, “शिदू आवळे. बेडग.” मग ठोका.

मी ते चार वेळा ऐकलं. पलीकडे कानस बंदच होती.

बेडगचं एक गिऱ्हाईक पंखा न्यायला आलं, त्याला विचारलं. तो हसायला लागला. “शिदू आवळे? तुमच्या मार्केटच्या दारात केरसुण्या घेऊन बसतोय की त्यो.” मी त्याच्याकडून सहा वर्षं केरसुण्या घेत होतो. नाव विचारायची वेळ आली नव्हती.

गुरुवारी मी त्याला दुकानात घेऊन आलो. साठीच्या पुढचा, वाळलेला माणूस. हाताची बोटं मात्र अजून दोरखंडासारखी. स्टुलावर बसायला तयार नव्हता, बसवावं लागलं. मी आधी नुसता ठोका ऐकवला. त्याचा चेहरा हलला नाही. दुसऱ्यांदा ऐकवला तेव्हा त्याने मान वाकडी केली.

“मेस्त्री, ह्यो मागं चरचरतोय त्यो जाळ हाय.”

“कसला जाळ?”

“हलगी शेकाय नको? थंड कातडं बोलतंय व्हय? आत शेकू देईनात, पडदं जळतील म्हनाले. मग वायर मागल्या अंगनात आनली. तितं जळान न्हाई, पाचट न्हाई, काडी न्हाई. फरशीच फरशी.” तो आता हसत होता. “इंगवले सायबांनी कागद दिलाता. अंगठा घिऊन एक त्यांनी ठिवला, एक मला दिला. चांगला जाड कागद, चार पानं. त्योच पेटवला.”

“कागदावर काय लिहिलं होतं तात्या?”

“मला काय म्हाईत? माजं नाव हुतं म्हनं. पर जाळ लई झ्याक झाला. कातडं असं तापलं की बोट लावलं तर गाऊ लागलं. म्हनूनच त्यो ठोका असा लागलाय.”

मी खूण मागे नेली आणि पट्टी दाबली. जाळ. नाव? गाव? शिदू आवळे, बेडग.

त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्यांदा नाव आल्यावर तो स्वतःशीच ‘व्हय’ म्हणाला, हजेरीला ओ दिल्यासारखा.

त्या दिवसानंतर दादांनी त्याला परत बोलावलं का, असं मी विचारलं. कशाला बोलावतील, तो म्हणाला, त्यांच्या मशीनमध्ये मी होतोच की. राग असा नव्हताच त्याच्या बोलण्यात. हलगीची कामं एक-दोन वर्षांत आटली, मग जत्रेत डीजे आला, मग त्याने घरचा केरसुण्यांचा धंदा धरला. सांगायची गोष्ट त्याच्याकडे वेगळीच होती. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार महिन्याला मानधन देतं. त्याने तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा परत आला होता. समितीवाले म्हणायचे, तुम्ही कलावंत कशावरून? कुठे वाजवलं, काय पुरावा? घरी बायकोचे डोळे गेले होते. मुलगी परत आली होती, तिच्या पदरात दोन पोरं. सोमवारी समिती पुन्हा बसणार होती.

“ह्ये त्यास्नी ऐकवलं तर चालंल का?” त्याने मशीनकडे बोट केलं. “नाव हाय. गावबी हाय.”

मशीन नेता येणार नाही, मी म्हणालो, पण कॅसेट भरून देतो. त्यात नाव, ठोका, सगळं येईल. बरोबर मीही येतो आणि हे कोणतं मशीन, कोणत्या गाण्यांत वाजलं ते सांगतो. डेक गिऱ्हाईकाकडे गेला होता, म्हणून सोमवारी सकाळी दुकानात यायला सांगितलं. जाताना त्याने मशीनला हात लावून तो छातीला लावला. मला कसंसंच झालं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. आपण चांगला माणूस आहोत असं वाटायला मला त्या आठवड्यात फारसं काही करावं लागलं नव्हतं.

शुक्रवारी डेक आला. मी कॅसेट भरली, चिठ्ठीवर नाव आणि गाव लिहिलं आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली.

शनिवारी दादा आले. दाढी ताजी. मी त्यांना उत्साहाने सगळं सांगितलं, परीक्षेतला पेपर सोपा गेल्यासारखं. गुरगुर गेली, शिट्टी गेली. खरखर जाणार नाही, कारण ती जाळाची आहे, ठोक्याच्या अंगातच आहे. आणि ऐका, असं म्हणून नाव ऐकवलं. हलगी वाजवणारा सापडलाय हेही सांगितलं.

दादा शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “खरखर राहू दे. तिच्याबद्दल कोण बोललंय?”

“तुम्हीच म्हणालात, नॉईज आहे.”

“त्यांच्या इंजिनीअरने फ्लॉपी कॉम्प्युटरवर उघडली तर लपलेलंही सगळं दिसलं. फोनवर म्हणाला, ठोक्याच्या आधी कोणीतरी बोलतंय. नाव सांगतंय. मी म्हणालो जुनं मशीन आहे, काहीतरी नॉईज असेल, काढून देतो.” त्यांनी चष्मा पुसला. “करारात लिहून दिलंय मी, हात माझा आहे म्हणून. तेवढं कापून टाक.”

“पण हात शिदूतात्याचा आहे.”

“असे हात त्या वेळी दर जत्रेत पन्नास होते, इलियास. कोणी ऐकले? माईक कुठे धरायचा, कोणता ठोका घ्यायचा, कोणत्या गाण्यात कुठे टाकायचा, हे कोणी ठरवलं? तो वाजवून जेवून गेला. मी पंधरा वर्षं सांभाळला.”

यातलं सगळं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. दादांची हुशारी तीच होती.

“त्याचं सोमवारी मानधनाचं काम आहे,” मी म्हणालो. “दुसरा पुरावाच नाही त्याच्याकडे.”

“आणि माझ्याकडे दुसरं काय आहे?”

त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यातला कागद उघडून माझ्यापुढे ठेवला. ती मुंबईची चिठ्ठी होती. श्री. इलियास दस्तगीर सतारमेकर, राहणार मिरज. नाव आणि गाव, दोन्ही वळणदार अक्षरात, एकही चूक नाही.

कापायला मशीनला एक मिनिट लागलं. त्याने पडद्यावर दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा हो दाबलं. दादांना ते करता आलं नसतं. मुंबईच्या इंजिनीअरला करता आलं असतं, पण त्याने ते नाव नीट ऐकलं असतं आणि हा कोण म्हणून विचारलं असतं. म्हणून मी लागत होतो. मग जुन्या फ्लॉपी त्यांच्यासमोर पुसल्या आणि नव्या भरल्या.

दादा उठले. दारापर्यंत गेले, वळले आणि हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन.

“खिशातली दे.”

कॅसेटच्या चिठ्ठीचं टोक खिशातून दिसत होतं. मला म्हणता आलं असतं, ती दुसरी आहे. म्हणता आलं असतं, नाही देत. मुंबईची चिठ्ठी काउंटरवर होती, ती त्यांनी परत घेतली असती, एवढंच झालं असतं. मी कॅसेट दिली. त्यांनी ती न वाचता खिशात टाकली आणि वरचं बटण लावलं.

प्लायवूडपलीकडे कानस कधी थांबली होती ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती परत सुरू झाली तेव्हा कळलं.

सोमवारी शिदूतात्या धुतलेला शर्ट घालून आला. दाढी त्यानेही केली होती. मी सांगितलं, मशीनची बॅटरी गेली, आतलं सगळं पुसलं गेलं, कॅसेट भरायची राहिली. तीन वाक्यं, आणि तिन्ही मी रविवारभर घासूनपुसून ठेवलेली.

तो मलाच समजवायला लागला. “मशीनच ती, मेस्त्री. तुमी काय करनार? मानसाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, मशिनीच्या कुठनं?” मी बरोबर येतो, तोंडी सांगतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तोंडी काय सांगणार होतो? हात इंगवल्यांचा नाही? माझी चिठ्ठी इंगवल्यांची होती. मी तोंड मिटलं. त्याने पिशवीतून एक नवी केरसुणी काढून दाराशी टेकवून ठेवली.

“ही कशाला तात्या?”

“ऐकवलंत न्हवं,” तो म्हणाला. “चार येळा ऐकवलंत.”

समितीने चौथा अर्ज परत केला. पाचवा त्याने केला नाही. दोन पावसाळ्यांनी तो गेल्याचं मला मुंबईत कळलं, तेही केरसुणी महाग झाली या बोलण्याच्या ओघात.

आता इतक्या वर्षांनी कोणाला काय मिळालं ते सरळ दिसतं. दादांना फोटो मिळाला, नाव मिळालं, मंचावरची खुर्ची मिळाली. खाली कोण कोण बसलं होतं ते त्यांनी मला दोनदा मोजून सांगितलं. कंपनीला तर खरखरसुद्धा आवडली, गावरान वाटते म्हणाले. मला मुंबईत सात वर्षं नोकरी मिळाली. परत आलो तोवर अब्बा थकले होते, पण जवारी काढत होते. ऐकायला मात्र ते आता समोरच्या गल्लीतल्या एकाला बोलवायचे. प्लायवूडच्या या बाजूला बसून मला तार ऐकू यायची. अजून घासायला हवी की बास, हेही कळायचं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तो ठोका आता सगळीकडे आहे. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, निवडणुकीच्या गाडीवर. पोरं नाचतात आणि मी कडेला उभा राहून मोजतो. तीन बारीक, एक मोठा, दोन बारीक. चार पानांचा जाड कागद, त्यावर एका माणसाचा अंगठा आणि नाव, दर ठोक्याला पुन्हा पेटतो. ऊब आम्ही सगळ्यांनी घेतली. जळण तेवढं एकट्या शिदूतात्याचं.